'लागली' म्हणणारी आत्या

गिटारची घोडी उपटली ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आत्या सांगेल, आणि ती सांगताना तिखटमीठ लावते.

घोडी म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली लाकडी पट्टी. सहाही तारांची खालची टोकं तिच्यात अडकवलेली असतात आणि वरची टोकं मानेच्या शेंड्याला खुंट्यांवर गुंडाळलेली. खुंटी पिळली की तार चढते, सैल सोडली की उतरते. हे सगळं ज्ञान मला त्या शनिवारी सकाळी, घोडी हातात आल्यावर, एकदम झालं. तोवर माझा संबंध फक्त खुंट्यांशी होता, कारण मी ज्या कंपनीत काम करतो ती गिटारच्या खुंट्या काढून तिथे यंत्र बसवते. सहा छोट्या मोटारी, मागे एक पट्टी, एक बटण, एक दिवा. बटण दाबायचं, सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवायचा. यंत्र ऐकतं, मोटारी गूं गूं करत तारा चढवतात-उतरवतात, आणि सगळं सुरात आलं की दिवा हिरवा होतो. कंपनी म्हणजे आम्ही तिघे: साहेब, मी आणि पंखा. त्यांतला पंखा तेवढा कुरकुर करत का होईना, रोज काम करतो.

कुठली मोटार कितव्या तारेची, हे यंत्राला आधी सांगावं लागतं. आमच्या कंपनीत ते साहेब करायचे; त्या दिवशी पहिल्यांदाच मी एकटा होतो. गिटार मांडीवर घेतली आणि वरून मोजायला लागलो. सगळ्यांत वरची जाडजूड ती पहिली, तिच्याखालची दुसरी. आमच्या गावच्या शाळेत पाढ्यांपासून रांगेतल्या पोरांपर्यंत सगळं वरून खाली मोजायचे. गिटारवाले खालून मोजतात. त्यांची पहिली तार म्हणजे सगळ्यांत खालची, सगळ्यांत बारीक. इमारतीचे मजले सोडले तर माणसं आणखी काही खालून मोजत असतील अशी मला कल्पना नव्हती.

यंत्राने इमानेइतबारे ऐकलं. जाड तारेला बारीक तारेच्या सुरावर न्यायचं आणि बारीक तारेला जाड तारेच्या, असा त्याला हुकूम होता. बारीक तारा वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. जाड तारा चढत गेल्या, चढत गेल्या. आत्या माझ्याकडे पाठ करून टेबलावर काहीतरी कानशीने घासत होती. मागे न वळताच म्हणाली, "थांबव."

"अगं, ते आपोआप थांबतं."

"थांबव म्हणते ना!"

कडाड् असा आवाज झाला. थांबलं.

आत्याने वळून बघितलं. मी एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात घोडी धरून बसलो होतो. तुटलेल्या भांड्याचे दोन तुकडे जुळतात का बघावेत तसं मी ते जुळवून पाहिलं. ते जुळत होते, पण आत्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही.

आता आत्याविषयी. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न. हिचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एका अंगाला झेरॉक्सवाला, दुसऱ्या अंगाला चष्म्याचं दुकान. खोलीत एक भक्कम सुतारी टेबल आहे, ते आतोबांचं. आतोबा दारं-खिडक्या करायचे. कुणीतरी वर बसून मोडलेली एक गिटार एकदा त्यांच्याकडे आली. त्यांनी ती दाराच्या फळीसारखी दुरुस्त केली. दिसायला सुंदर झाली. आत्याने स्वयंपाकघरातून एक तार ऐकली आणि म्हणाली, "ही बंद दारासारखी वाजतेय. आतली ठिगळं तासा जरा." त्यांनी तासली. तेव्हापासून लाकूड त्यांचं आणि कान हिचा, असा संसार चालला. नऊ वर्षांपूर्वी आतोबा गेले आणि दोन्ही कामं हिच्याकडे आली. मी नोकरीसाठी इथे आलो तो तिच्याच घरी राहिलो. सकाळचा चहा, संध्याकाळची बोलणी असा करार आहे आमचा.

गिटार लावून, म्हणजे सुरात आणून घ्यायला आलेल्या माणसाला ती आधी म्हणते, "हात बघू." नवीन माणूस तळहात पुढे करतो. एकाने तर लग्नाचा योग कधी आहे म्हणून विचारलं होतं. तिला बघायची असतात डाव्या हाताच्या बोटांची टोकं. तारा दाबून दाबून तिथे घट्टे पडतात, घट्ट्यांत खाचा पडतात. खाच किती खोल आहे त्यावरून माणूस किती जोराने दाबतो हे तिला कळतं. जोराने दाबली की तार जरा चढून बोलते. म्हणून जोरकस हाताच्या माणसाची तार ती मुळातच केसभर उतरवून ठेवते. हलक्या हाताच्या माणसाची तशीच ठेवते. एकच गिटार दोन भावांसाठी दोन तऱ्हांनी लावून दिलेली मी पाहिली आहे. "तुझी गिरणी उघडी तार लावते," ती मला म्हणते, "मी दाबलेली लावते." माझ्या यंत्राला ती गिरणी म्हणते, आवाजामुळे.

अशी बाई आपणहून "तुझी गिरणी एका गिटारला बसवून दे" म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी उलट हुरळलो. म्हटलं, आत्या सुधारली.

घोडी टेबलावर ठेवून ती खुर्चीवर बसली. ओरडली नाही. आत्या ओरडली नाही की समजायचं, प्रकरण साधं नाही.

"ही मास्तरची आहे," ती म्हणाली.

मास्तर म्हणजे पलीकडच्या शाळेतले गिटारचे सर. पंचेचाळिशीचे, उंच, खिशात पेनांच्या शेजारी गिटार छेडायच्या चकत्या. दर शनिवारी आणि बुधवारी गिटार घेऊन येतात, आत्या लावून देते, 'लागली' म्हणते, ते जातात. मला नेहमी वाटायचं, शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची गिटार लावता येत नाही, म्हणजे नाचणाऱ्याला कुणीतरी पायात चपला घालून द्याव्यात तसं झालं. एकदा तसं बोललोही होतो. आत्याने तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी उरलेला चहा तसाच ठेवून उठलो.

"चार वर्षांपूर्वी त्याला ताप आला," आत्या सांगायला लागली. "ताप उतरला, पण कान बिघडले. बोललेलं सगळं ऐकू येतं. पण तार छेडली की डाव्या कानाला एक सूर ऐकू येतो आणि उजव्याला त्याच्या जरा वरचा. एकच तार, दोन सूर. दोघं कायम भांडतात. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहणार."

"मग तो चिमट्याचा ट्यूनर असतो ना! गिटारच्या शेंड्याला लावायचा, काटा मधे आला की झालं."

"शहाणाच आहेस! आणला होता त्याने. काटा मधे येतो. पण कान म्हणतात चुकलं, म्हणून तो पुन्हा पिळतो. काटा हलतो, परत आणतो, परत पिळतो. हात थांबत नाही रे त्याचा. तार लावणं हा त्याचा प्रश्नच नाही. आता पुरे, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं."

"म्हणजे तू."

"मी 'लागली' म्हटलं की तो हात काढतो."

गेल्या वर्षी शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता तेव्हा आत्या माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला गावी आमच्या घरी गेली होती. सर स्टेजवर अकरा मिनिटं तारा लावत बसले. मुलं ओळीत, बोटं तारांवर ठेवून थांबलेली. शेवटी सरांची एक तार तुटली. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी हे असं झालं तर आम्हाला दुसरे सर बघावे लागतील." आणि पुढचं वर्ष आता दोन आठवड्यांवर आलं होतं. कार्यक्रम गुरुवारी. आत्याच्या मनगटाचं ऑपरेशन त्याच्या आदल्या मंगळवारी. तीस वर्षं खुंट्या पिळून उजव्या मनगटातली नस दबली होती. चमचा धरला तरी बोटांना मुंग्या यायच्या. तारीख पुढे ढकलायला डॉक्टर तयार नव्हते, ऑपरेशननंतर तीन महिने पिळणं बंद होतं, आणि दवाखान्यातून घरी सोडायला शुक्रवार उजाडणार होता.

"दुसऱ्या कुणाकडून लावून घेतली तर?"

"आणि सांगेल काय? मी शिकवतो, पण मला लावता येत नाही? संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्याची मुलं वाजवतात कशी, ते एकदा बघून ये. बोटांकडे बघून शिकवतो तो. कान चांगले असताना नव्हता एवढा चांगला मास्तर झालाय. पण हे कुणाला पटवून देणार?" मग ती घोडीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "तुझ्या गिरणीला कान आहेत, तोंड नाही. शिवाय खुंटी नाही. त्याला पिळायलाच काही उरत नाही. म्हणून तुला म्हटलं, बसवून दे. तर तू हे दिवे लावलेस."

मी म्हटलं, "दिवा एकच आहे." ते म्हणायला नको होतं.

घोडी तिने सरसाने चिकटवली. सरस डब्यात पाणी घालून मंद आचेवर विरघळवायचा, तो उकळू द्यायचा नाही, आणि वास आला की नाक मुरडायचं नाही, अशा तीन आज्ञा मला होत्या. जुना सरस खरवडून काढायचं काम तिच्या उजव्या हाताने होईना. पातं माझ्या हातात दिलं आणि माझ्या मनगटावर स्वतःचा डावा हात ठेवून ती मला चालवत राहिली. घोडी बसवली, क्लॅम्प आवळले. तीन दिवस गिटार टेबलावर पडून होती आणि मी तिच्याकडे न बघता येत-जात होतो.

बुधवारी सर आले. मी आधीच सांगितलं, "सर, घोडी माझ्यामुळे उपटली. मी तारा वरून मोजल्या."

सर हसले. "माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल पहिल्या दिवशी वरूनच मोजतं. तू जरा उशिरा आलास, एवढंच."

यंत्र बसवलेली गिटार त्यांनी हातात घेतली. शेंडा जड झाला होता, मान खाली जात होती. आत्याने पट्ट्याची मागची गुंडी काढून दोन बोटं पलीकडे लावली, आणि तोल बसला. मग सरांनी बटण दाबलं, तारांवरून हात फिरवला. गूं गूं. दिवा हिरवा. त्यांनी एक सुरावट धरली, मान वाकडी केली, पुन्हा बटण दाबलं. दिवा हिरवा. पुन्हा. अकरा वेळा. अकराव्या वेळी त्यांचा हात शेंड्याकडे गेला आणि मोटारीच्या डबीला चिमटीत धरून पिळायला लागला. डबी कशाला फिरतेय!

"सर, ती फिरत नाही," मी म्हटलं. "आणि फिरवायची गरज नाही. दिवा हिरवा झाला की सूर बरोबरच असतो. मोजून असतो."

"असेल," सर म्हणाले. "पण हा दिवा काय, कुणासाठीही हिरवा होईल."

"आणि मी 'लागली' म्हणते तेव्हा?" आत्याने विचारलं.

"तेव्हा तुम्ही म्हणता, ताई."

ते गेल्यावर आत्याने टेबल पुसून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या गिरणीला शिकवता येतं का?"

येतं. प्रत्येक तार नेमक्या सुरापेक्षा किती वर किंवा किती खाली ठेवायची, ते यंत्रात भरता येतं. मोबाइलवर एक आकडा पुढे-मागे करायचा, आणि मोटार टिचकीभर सरकते. शेवटी ते सगळं जपून ठेवायचं. मग बटण दाबलं की तेच पुन्हा लागतं. मी तिला हे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय तसं समजावलं. ती म्हणाली, "माणसासारखं सांग." मी म्हटलं, "तू ऐक आणि सांग. मी दाबतो." ती म्हणाली, "रविवारी त्याला बोलवते."

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या टेबलाभोवती बसलो. तार दाबायची सरांनी, ऐकायची आत्याने, आकडा हलवायचा मी. तिघांनी मिळून एक माणूस होतो की नाही, ते बघायचं होतं. आत्याने सरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. "तू फक्त दाब. ऐकायचं नाही."

"ताई, कान बंद कसे करू?"

"मग मनात बाजारची यादी कर. पण चेहरा करायचा नाही. तुझा चेहरा बघितला की मला शंका येते."

सहावी तार लगेच झाली. पाचवीला आत्या म्हणाली, "जरा खाली." मी एक टिचकी खाली नेली. "नाही, एवढी नाही. म्हणजे खालीच, पण... थांब, परत ये. आता ती जरा..." तिने हात हवेत फिरवला. उजवा हात, खुंटी पिळावी तसा. मग तो मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने दाबून धरला. तीस वर्षांत तिला हे तोंडाने सांगायची वेळच आली नव्हती. तिची बोटं तिच्या आधी जाऊन पोचायची. आता बोटं माझी होती, आणि मला दोन सुरांतला फरक रस्त्याच्या दोन बाजूंएवढा असला तरच कळतो.

"तुला खरंच काही ऐकू येत नाही?" ती वैतागून म्हणाली.

"येतं ना. तार वाजते."

"देवा!"

तिसऱ्या तारेला ती रागावली, माझ्यावर नाही, स्वतःच्या तोंडावर. शब्द शोधायची, सापडला की तो चुकीचा निघायचा. 'अंग चोरतेय' म्हणाली, 'नाक वर आहे' म्हणाली, 'बसली पण टेकली नाही' म्हणाली. मी दर वेळी एक टिचकी इकडे, एक टिचकी तिकडे करायचो. हळूहळू मला कळायला लागलं की 'नाक वर' म्हणजे एक टिचकी खाली आणि 'अंग चोरतेय' म्हणजे दोन वर. सूर नाही कळला, आत्या कळली. पहिल्या तारेवर अर्धा तास गेला. सरांची पाठ अवघडली, पण ते वळले नाहीत.

शेवटी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी सहा आकडे लिहिले: सहावी जशीच्या तशी, पाचवी एक खाली, चौथी एक, तिसरी तीन, दुसरी दोन, पहिली एक.

आत्याने पुठ्ठा हातात घेतला. चष्मा लावला. "एवढंच?"

"एवढंच."

"तीस वर्षं मी एवढंच करत होते?"

मी पेनाचं टोपण लावलं. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला होता, की बघ, तुझी सगळी जादू माझ्या पुठ्ठ्यावर मावली. तो आनंद तिचा चेहरा बघून जागच्या जागी विरला.

सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "ताई, हे माझ्या हाताचे आहेत. आणि तेही याच महिन्याचे."

"हं," आत्या म्हणाली. मग चष्मा काढून, "हात बघू." सरांनी डावा हात मागे केला. तिने बोटांची टोकं चाचपली. "दाबणं वाढलंय तुझं. गेल्या वर्षी एवढी खाच नव्हती. कान ऐकत नाहीत म्हणून तारेचा गळा दाबतोस होय रे?"

"होतं तसं."

"मग हे आकडे फार दिवस चालायचे नाहीत," ती म्हणाली, आणि पुठ्ठा मला परत देताना तिचा आवाज जरा वर आला होता.

आकडे मी यंत्रात भरले. भरताना नाव द्यावं लागतं. मी 'आत्या' असं दिलं आणि सरांना दाखवलं. "आता हा दिवा तिचा," मी म्हटलं. सरांनी बटण दाबलं, छेडलं, ऐकलं. पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं. अकराचे चार झाले, ही प्रगती होती. चौथ्या वेळी त्यांनी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "लागली." हात खाली आला.

म्हणजे घोडं तिथेच अडलं. गुरुवारी ती दवाखान्यात, हात पट्टीत.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू जा कार्यक्रमाला. पहिल्या रांगेत बस. तो तुझ्याकडे बघेल. तेव्हा मान हलव."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळायचं नाहीये. हलवायचीय."

"आणि खरंच बिघडलेली असली तर?"

"गिरणी तू बसवलीस ना? तुझा तरी विश्वास आहे का तिच्यावर?"

"विकताना असतो," मी म्हटलं.

शाळेचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली, घडीच्या खुर्च्या, आणि स्टेजवर उष्ण दिवे. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, हे आत्याने मला चार वेळा बजावलं होतं, जणू दिवे माझ्या हातात होते. चौदा मुलं गिटारी घेऊन अर्धगोलात बसली. सर मधे. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून. सरांनी बटण दाबलं. माइक जवळ होता, त्यामुळे गूं गूं सगळीकडे ऐकू आली. माझ्या शेजारच्या आजोबांनी पंखा लागला समजून वर बघितलं. एक मूल फिस्सकन हसलं. दिवा हिरवा झाला.

सरांनी तारा छेडल्या. मान वाकडी. पुन्हा बटण, पुन्हा हिरवा. तिसऱ्यांदा. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मुलांची बोटं तारांवर टेकलेली, चौदाच्या चौदा मान वर करून सरांकडे बघणारी. गेल्या वर्षी याच मुलांतली काही अकरा मिनिटं अशीच बसली असणार. मग सरांचा डावा हात गिटारच्या मानेवरून वर सरकत गेला, शेंड्यापर्यंत. एक डबी त्यांनी चिमटीत धरली. तिथे फिरण्यासारखं काही नव्हतं. बोटं तशीच राहिली, आणि त्यांनी समोर बघितलं. मला शोधलं.

खरं म्हणजे मी लगेच मान हलवायची होती. पण त्या क्षणी मला वाटलं, एकदा तरी नीट ऐकावं. शेवटची छेडलेली तार अजून विरत होती. मी सगळा जीव कानात आणला. तार वाजत होती. बरी की वाईट, चढी की उतरती, देव जाणे. माझ्या कानांनी मला काही सांगितलं नाही. त्या पुठ्ठ्यावरचे सहा आकडे मात्र मला पाठ होते, आणि ते कुणी सांगितले तेही माहीत होतं. मी मान हलवली. जरा जास्तच हलवली असावी, कारण आजोबांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

सरांचा हात खाली आला. त्यांनी मुलांना म्हटलं, "चला. एक, दोन..."

वाजवलं कसं, ते मला विचारू नका. सगळ्यांत लहान मुलगी पहिल्यापासून अर्धं पाऊल मागे होती आणि शेवटी सगळे थांबल्यावर एकटीच वाजवून संपली. तिला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. मोठ्या बाई जाताना सरांना म्हणाल्या, "मुलं छान बसली होती हं." मग वळून, "आणि सुरुवातीला ते काय गुणगुणत होतं?" दुसरे सर बघायचा विषय त्यांनी काढला नाही. मी कान देऊन ऐकत होतो. तेवढं मला ऐकू येतं.

तिथून थेट दवाखान्यात आत्याकडे गेलो. हात कोपरापर्यंत पट्टीत, उशीवर उभा; वर्गात शंका विचारायला हात वर केलेल्या मुलासारखी पडली होती.

"किती वेळा दाबलं?"

"तीन."

"मग बघितलं?"

"बघितलं. मी मान हलवली."

"पहिल्यांदा बघितल्यावरच?"

"हो."

"घाई केलीस. मी जरा थांबते. लगेच म्हटलं तर त्याला वाटतं, हिने ऐकलंच नाही."

"आणि तू दर वेळी ऐकतेस?"

ती हसली. "पहिल्या वेळी जीव लावून ऐकते. पाचव्यांदा विचारलं की भांडी विसळता विसळता म्हणते. तार तीच असते रे." मग पट्टीतून बाहेर आलेली बोटं तिने एक एक हलवून बघितली. "त्याला मी दिसले की पुरतं. आज तू दिसलास."

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. कार्यक्रमानंतर स्टेजवर सर गिटार पेटीत ठेवत होते, मी वायर गुंडाळत होतो. मुलं गेली होती. सरांनी दुसरी तार एकटीच छेडली आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मला ही दोन ऐकू येते. चार वर्षं झाली. तुला एकच येत असेल ना?"

"हो, एकच."

"कशी असते?"

ते खातरी करून घ्यायला विचारत नव्हते. लागली का, असं विचारलं असतं तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो. मी तोंड उघडलं आणि आत्याचं त्या रविवारी झालं होतं तसं माझं झालं. म्हटलं, "सर, असं घाईत नको. नीट ऐकून सांगतो."

"सांग," ते म्हणाले. "घाई नाही."

याला पाच महिने झाले. आत्याचा हात आता सुटला आहे, आणि ती इतरांच्या खुंट्या पुन्हा पिळते. सर दर तीन-चार आठवड्यांनी येतात. ती त्यांची बोटं बघते, 'नाक वर' म्हणते, आणि मी आकडे बदलतो. तिसरी तार आता चार खाली आहे. दुकानात कुणी नसलं की मी कुठल्याही गिटारची दुसरी तार एकटीच छेडून ऐकतो. एकदा वाटलं, ताणलेल्या दोरीवर पाण्याचा एकच थेंब थांबावा तशी आहे. लिहूनही ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लाज वाटली आणि खोडलं. सरांनी पुन्हा विचारलेलं नाही. परवा ते आले तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या त्यांनी ती तार छेडली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी नक्की," आणि बटण दाबलं.